मामाजींनी पाहिलेला दिवा

अकोल्यात माझं वजनकाटे दुरुस्त करायचं दुकान आहे. किराणावाल्यांचे, भाजीवाल्यांचे, सोनारांचे, सगळ्या तऱ्हेचे काटे माझ्याकडे येतात. काटा चुकतो अशी तक्रार घेऊन कोणी आलं, की मी तक्रार अर्धवट ऐकतो आणि काटा पुरता तपासतो. रिकामा असताना तो शून्यावर उभा राहतो का? तेच वजन पुन्हा ठेवलं तर तेच सांगतो का? वजन मधे न ठेवता कडेला ठेवलं तर काय सांगतो? काटा जुना आहे, रंग उडाला आहे, यावरून काही ठरत नाही. पुष्कळदा नवा चकचकीत काटाच खोटं बोलतो.

हे सांगायचं कारण म्हणजे त्या वर्षी अधिक महिना ऐन उन्हाळ्यात आला, आणि धोंड्याच्या जेवणाचं बोलावणं आलं तेव्हा माझ्यावर एक माणूस तपासायची वेळ आली. तो माणूस म्हणजे माझे सासरे.

सासरवाडी अंजनगाव सुर्जीजवळच्या एका खेड्यात आहे. घरचा संत्र्याचा बगीचा आहे. मी सासऱ्यांना मामाजी म्हणतो. मामाजींनी सत्तरी ओलांडली आहे, आणि रोज संध्याकाळी जुन्या लुनावर बसून ते बगीच्यात जातात. ठिबकच्या नळ्या बघतात, विहिरीजवळ बसतात, अंधार दाटायच्या आत परत येतात. दिवसभर शेतात माझा मेव्हणा राबतो, पण संध्याकाळ मामाजींची. तिच्यात दुसरं कोणी वाटेकरी नाही.

अधिक महिना लागायच्या थोडं आधी ते एका संध्याकाळी घरी आले आणि ओट्यावर बसून म्हणाले, की शेजाऱ्याच्या बगीच्यावर एक दिवा टांगल्यासारखा उभा होता. पांढरा, बिनआवाजाचा. मी विहिरीपासून फाटकापर्यंत चालत आलो, तर तोही माझ्या संगं चालत आला. मग लालसर झाला आणि विझला.

खेड्यात गोष्ट ओट्यावर सांगितली की ती ओट्यापुरती राहत नाही. तिसऱ्या चौथ्या दिवशी मोबाइलवर बातम्या करणारा एक जण येऊन मामाजींसमोर माइक धरून गेला. चित्रफितीवर मोठ्या अक्षरांत ‘उडती तबकडी’ असं आलं. मामाजींच्या तोंडी तो शब्द कुठेच नव्हता. मी ती चित्रफीत दुकानात बसून तीनदा पाहिली. माइकवाला विचारतो, “तबकडीसारखं होतं का?” आणि मामाजी म्हणतात, “दिवा होता.” तो पुन्हा विचारतो, ते पुन्हा तेच सांगतात.

पण नाव पडायचं ते पडलं. पानठेल्यावरून हाका यायला लागल्या, “का जी पाटील, आज वरचे पाव्हणे आले नाई का?” “येईन तं एखांदी सीट आमच्यासाठी पकडून ठेवजा!” मामाजी हसून पुढे जात. मेव्हण्याला मात्र हसू येत नव्हतं. धोंड्याच्या आठवडाभर आधी त्याचा मला फोन आला.

“भाऊजी, तुमाले एक काम कराचं हाये. बाबाले सांगा, आता बगीच्यात जानं बंद. लुना मी इकून टाकतो.”

“मी कसं सांगू? तू मुलगा आहेस.”

“माह्यं कोन आयकते? तुमी धोंड्याले मांगा. तुमाले ते नाई मनूच शकत नाई.”

या घरची एक रीत आहे. इतर ठिकाणी आहे की नाही, मला माहीत नाही. धोंड्याच्या जेवणाला जावई पाटावर बसला की पहिला घास घेण्याआधी त्याने एक गोष्ट मागायची, आणि सासऱ्याने ती नाकारायची नाही. मागच्या अधिक महिन्यात मी संत्र्याची दोन कलमं मागितली होती. ती आमच्या अंगणात अजून जगून आहेत, फळ धरत नाहीत. तर त्याच रितीचा हा उपयोग मेव्हण्याने शोधला होता.

“दिवा दिसला म्हणून एवढं?” मी विचारलं.

“दिवा दिसला त्याचं काई नाई. दिवा संगं चालला मनते! भाऊजी, त्या दिवशी घरी आले तं हासून राहिले होते. घाबरले असते तं मले एवढं भ्या वाटलं नसतं.”

मी म्हटलं, “बघतो,” आणि फोन ठेवला. बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “दादाचं मन राखायचं म्हणून बाबांची संध्याकाळ मागून घेऊ नका. आणि बाबांचं मन राखायचं म्हणून खोटंही बोलू नका.” म्हणजे काम सोपं नव्हतंच, ते तिने आणखी नेमकं करून दिलं.

आम्ही जेवणाच्या आदल्या दिवशी दुपारीच पोचलो. ऊन असं की रस्त्याचं डांबर चपलेला धरत होतं. सासूबाईंनी आल्या आल्या गार पाणी दिलं, मग पन्हं दिलं, मग पुन्हा पाणी दिलं. आतल्या खोलीत अनारशांचा डबा होता. तिकडे फिरकायची सगळ्यांना बंदी होती.

ऊन कलल्यावर शेजारी आला. ज्याच्या बगीच्यावर दिवा होता म्हणतात, तोच हा शेजारी. मनमोकळा माणूस. चित्रफीत आल्यापासून तोही साक्षीदार झाला होता, आणि मामाजींपेक्षा त्याला जास्त दिसलं होतं. खिडक्या होत्या, घरघर होती, झाडांचे शेंडे हलत होते.

मी सगळं ऐकून घेतलं. मग कोणीच न सांगितलेली एक गोष्ट मुद्दाम विचारली. “खालच्या बाजूला हिरवा दिवा फिरत होता का?”

“होता ना जी! गरगर फिरत होता. बरी आठोन देल्ली तुमी.”

त्याची बायको सासूबाईंना पीठ चाळू लागायला आली होती. ती आतूनच म्हणाली, “का जी, त्या दिवशी तं आपन दर्यापूरले हयदीले होतो. तुमी तं तिथं नाचून राहिले होते.”

ओट्यावर असा हशा पिकला की रस्त्याने जाणारी माणसं थांबली. शेजारी सगळ्यांत जास्त हसला. “मंग वापस आल्यावर पायला असन,” म्हणाला, आणि पन्ह्याचा आणखी एक गिलास मागितला.

मी त्याला खोटारडा म्हणणार नाही. त्याला कोणाला फसवायचं नव्हतं. गावात एवढी मोठी गोष्ट आपल्या बगीच्यावर झाली, आणि आपण तेवढे हळदीला गेलेले, हे त्याला सोसत नव्हतं. माझ्या हिशेबाने मात्र तो काटा बाजूला ठेवण्याजोगा होता. रिकाम्या पारड्यावरही तो वजन दाखवत होता.

हाच हिरवा दिवा मी मामाजींनाही विचारला. ते म्हणाले, “हिरवा? नाई. कोन मनते?”

“आवाज?”

“नाई.”

“झाडं हलत होती का?”

“हवाच नोती, तं झाडं काहून हालतीन?”

सूर्य बुडायच्या सुमारास आम्ही तिघं बगीच्यात गेलो. मामाजी लुनावर, मी मेव्हण्याच्या मागे मोटारसायकलवर. फाटकापाशी उतरल्यावर मेव्हणा मोटर बंद करायला विहिरीकडे गेला, तेव्हा मामाजी मला म्हणाले, “उद्या तुमी काय मांगनार हाये, मले मालूम हाये.”

मी चपलेतला खडा झटकला.

“मी नाई मननार नाई. रीत हाये ते हाये. पन मांगाच्या आंदी पाहून घ्या, जवाईबापू. नुसत्या आयकन्यावर माह्या बगीचा नोका मांगू.”

मला यापेक्षा सरळ बोलणं आठवत नाही. मी म्हटलं, “मग मला सगळं दाखवा.”

त्यांनी दाखवलं. ते विहिरीच्या कठड्याजवळ उभे होते, तोंड उत्तरेला, म्हणजे डोंगराच्या बाजूला. शेजाऱ्याचा बगीचा तिकडेच आहे, मधे फक्त धुरा, म्हणजे बांध. दिवा झाडांच्या शेंड्यांच्या वर, हात लांबवून धरला तर वीतभर उंचीवर. “शुक्र असेल,” असं मी म्हटलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडे जरा दयेने पाहिलं. “शुक्र तं हा इकडं, मावयतीले. तोई होता. दोन्ही संगंच पायले मी.”

त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आहे. डाव्याचं राहिलं आहे. डाव्या डोळ्याने त्यांना दिव्याभोवती पिंजलेल्या कापसासारखं दिसतं. म्हणून तेव्हापासून त्यांना सवय लागली आहे, की काही नवं दिसलं की आधी एक डोळा झाकायचा, मग दुसरा. त्या दिवशीही त्यांनी तसं केलं होतं. उजव्याने दिवा स्वच्छ, डाव्याने पसरट, पण दोन्हींनी जागेवर.

इथपर्यंत ठीक होतं. आता संगं चालण्याचं काय, हा प्रश्न होता.

मी मेव्हण्याला म्हटलं, “एक लांब बांबू घे. टोकाला बॅटरी बांध, आणि शेजाऱ्याच्या झाडांपलीकडे जाऊन ती झाडांच्या वर दिसेल अशी धरून उभा राहा.”

“लोक काय मनतीन?”

“लोक म्हणतच आहेत.”

तो पुटपुटत गेला. थोड्या वेळाने झाडांच्या वर उजेड दिसायला लागला, जरा डुलणारा. मामाजी कठड्याजवळ उभे राहिले आणि त्या दिवशी चालले तसेच धुऱ्याने फाटकाकडे चालायला लागले. मी त्यांच्या मागे.

अर्ध्या वाटेवर ते थांबले. वळून पाहिलं. पुन्हा थोडं चालले, पुन्हा थांबले.

“हा तं मांगं राह्यला,” ते म्हणाले.

खरंच. बांबूवरचा उजेड आता आमच्या बराच मागे होता. सुरुवातीला तो नाकासमोर होता, आता खांद्यावरून वळून बघावा लागत होता.

“आणि त्या दिवशी?”

“त्या दिवशी मांगं नाई राह्यला. एका झाडाच्या शेंड्यावरून दुसऱ्या झाडाच्या शेंड्यावर येत गेला. फाटकापाशी आलो तरी अस्साच समोर.”

मला तेव्हा कळलं. मेव्हण्याला ज्या गोष्टीची सर्वांत भीती वाटत होती, तीच या साक्षीतली सर्वांत कामाची गोष्ट होती. चंद्र आपल्या संगं चालतो ना, तसं ते होतं. एसटीच्या खिडकीतून जवळची झाडं मागे पळतात, दूरचा डोंगर जागचा हलत नाही. जी वस्तू माणसाच्या चालण्याने मागे पडत नाही, ती फार लांब असते. मामाजींनी जे पाहिलं ते बरोबर सांगितलं होतं. हे त्यांनी मनाने रचलं असतं तर दिवा मागे तरी राहिला असता, नाहीतर अंगावर तरी आला असता. माणूस रचतो तेव्हा साधारण असंच रचतो.

मी त्यांना चंद्राचं सांगितलं. त्यांनी ऐकलं, शेजाऱ्याच्या झाडांकडे पाहिलं, डोंगराकडे पाहिलं. मग म्हणाले, “मंग तो याच्या बगीच्यावर नोताच.”

“नव्हता.”

“लय दूर होता.”

“हो.”

“मंग मी चुकलो, जवाईबापू. मी सगळ्याईले बगीच्यावर होता मनून सांगतलं.”

उद्या त्यांची संध्याकाळ जायची की राहायची ते ठरणार होतं. आपण किती पक्के आहोत हे दाखवायची ती वेळ, आणि त्याच वेळी हा माणूस स्वतःच्या साक्षीतला एक तुकडा काढून माझ्या हातात देत होता. मी पुष्कळ माणसं पाहिली आहेत. आपला काटा चुकतो हे दुकानदार सहसा मान्य करत नाही, वजन समोर ठेवलं तरी.

लाल होऊन विझण्याबद्दल मी माझा अंदाज सांगितला. आपल्याकडे सूर्य बुडाला तरी खूप उंचावर ऊन असतंच. तिथे काही तरंगत असेल, मोठा फुगा म्हणा किंवा आणखी काही, तर त्यावर ऊन पडून ते पांढरं चमकेल. मग त्याचाही सूर्य बुडेल, तेव्हा ते लाल होईल आणि दिसेनासं होईल. पण हा अंदाज. मी पाहिलेलं नाही.

“मंग होतं काय ते?”

“माहीत नाही, मामाजी.”

“मंग तसंच सांगू,” ते म्हणाले.

तेवढ्यात मेव्हणा बांबू खांद्यावर घेऊन घामाघूम परत आला. “झालं का तुमचं? तिकडल्या रस्त्यावर दोघं जन गाडी थांबवून पाहून राहिले होते. उद्या माह्याच व्हिडिओ येते!”

त्याने तोंड उघडण्याआधी, तो फाटकापाशी पोचत असतानाच, मी मामाजींना म्हटलं होतं, “उजवा डोळा झाका. तिथे कोण आहे?” त्यांनी उजवा झाकला. बराच वेळ पाहिलं. संधिप्रकाश अजून पुरता होता, अंतरही फार नव्हतं.

“खांब हाये,” ते म्हणाले. मग खांब हलला तेव्हा ते स्वतःच ओशाळले.

तीही तपासणीच होती. जे सापडलं ते सोयीचं नाही म्हणून मला सोडून देता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाटाभोवती रांगोळी, ताटात तुपात न्हालेले धोंडे, बाजूला तांब्याच्या तबकात अनारसे आणि वर दिवा. अनारसे तेहतीस असतात. मी मोजले, बत्तीस भरले. सासूबाईंनी मेव्हण्याकडे पाहिलं आणि मेव्हण्याने भिंतीकडे. त्यांनी डब्यातून एक आणून ठेवला. ओवाळून झाल्यावर त्या म्हणाल्या, “मांगा, काय पायजे ते.”

मेव्हणा दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. मामाजी समोर बसले होते, पागोटं बांधून, दोन्ही हात मांडीवर.

मी म्हटलं, “मामाजी, डाव्या डोळ्याचं ऑपरेशन करून घ्या. ते होईपर्यंत लुना चालवू नका, दादा नेऊन सोडेल. झाल्यावर डॉक्टर हो म्हणाले की चालवा. आणि बगीचा सोडू नका.”

“हे तं चार झाले,” बायको म्हणाली. “एकच मागायचं असतं.”

“मग एकच. डोळा.”

मेव्हणा चौकट सोडून पुढे आला. “आन संगं चालनारा दिवा?”

मी त्याला बांबूचं सांगितलं, चंद्राचं सांगितलं. त्याने स्वतःच बॅटरी धरली होती, त्यामुळे फार समजवावं लागलं नाही. “मंग बाबाच्या डोक्यात काई नाई?” त्याने विचारलं. हे त्याने माझ्याकडे पाहून विचारलं नाही, बापाकडे पाहून विचारलं. महिनाभर तो काय धरून बसला होता, ते त्या एका वाक्यात सगळ्यांना दिसलं.

“डोक्यात हाये ना,” मामाजी म्हणाले. “तू अनारसा खाल्ला ते हाये.”

सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या. मेव्हणा खाली बसला. एवढा मोठा माणूस, पण बसला तो बापाच्या गुडघ्याला गुडघा लावून.

“मंग तुमी हासून काहून राहिले होते त्या दिवशी?”

मामाजींनी जरा विचार केला. “अबे, एवढं वय झालं. रोज तेच झाडं, तेच मोटर, तेच तू. कंदी न पायलेलं काई पायलं, तं मानसानं हासू नये का?”

डोळ्याचं मात्र त्यांना जड गेलं. पहिल्या ऑपरेशनानंतर बरेच दिवस धुळीत जायचं नाही म्हणून बगीचा बंद होता, त्यामुळेच ते दुसरं टाळत होते. पण रीत ती रीत. त्यांनी माझ्या ताटातला धोंडा मोडून मला घास दिला आणि म्हणाले, “मान्य.”

त्याच संध्याकाळी ते ओट्यावर बसले असताना माइकवाला पुन्हा आला. कालच्या बांबूची बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती. मामाजींनी त्याला सांगितलं, की दिवा शेजाऱ्याच्या बगीच्यावर नव्हता, ती माझी चूक. तो लय दूर होता. काय होता ते मला मालूम नाही, जवायालाही मालूम नाही. माइकवाल्याने विचारलं, “म्हणजे तबकडी नव्हती?” ते म्हणाले, “मले मालूम नाई मनलं ना.” त्याने माइक बंद केला, चहा घेतला आणि गेला. ती चित्रफीत काही आली नाही. हाका मात्र कमी झाल्या. ‘मालूम नाही’ म्हणणाऱ्या माणसाला चिडवायचं तरी किती.

ऑपरेशन अमरावतीला झालं, पावसाळ्याच्या तोंडाशी. डॉक्टरांनी सांगितलेले सगळे दिवस मामाजी घरात बसले, काळा चष्मा लावून. संध्याकाळ झाली की ओट्यावर येरझारा घालत, असं सासूबाई फोनवर सांगायच्या. मग डॉक्टरांनी तपासलं, आणि पुढे मी मुद्दाम विचारलं नाही. जे मागायचं ते मागून झालं होतं.

एक दिवस दुकानात मेव्हण्याचा फोन आला. त्याला शेतमालाच्या काट्याबद्दल काही विचारायचं होतं. ते बोलून झाल्यावर मी म्हटलं, “मामाजींना दे जरा.”

“ते घरी कुठं हाये? बगीच्यात गेले.”

“कशाने गेले?”

“कायनं मंजे?” मेव्हणा म्हणाला. “लुनानं.”